कॉल ऑफला कर्ता लागतो

४ जून

मुंगे,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतला आहे. फसवणूक म्हण हवं तर. पण आता उघडलंच आहेस तर पाच मिनिटं वाच. काम आहे.

बारा वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस. मीही आता दर नव्या वर्षाला एकदाच करतो, बारा वेळा वाजतो आणि थांबतो. ती तक्रार करायला हे लिहिलेलं नाही. मला इंग्रजी शिकायचं आहे.

हसू नकोस. छप्पन्नाव्या वर्षी कोणाला हौस नसते. आमच्या लिफ्टच्या कंपनीचा धंदा नव्या लोकांनी घेतला. त्यांच्याकडे प्रत्येक दुरुस्तीनंतर मोबाइलवर इंग्रजीत रिपोर्ट लिहावा लागतो. डिसेंबरात परीक्षा आहे. नापास झालो तर मला दुसऱ्या मेकॅनिकच्या हाताखाली ग्रीस लावायला पाठवतील, तीस वर्षं मशीनरूममध्ये काढल्यावर. म्हणून मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी क्लासला जातो. आम्ही चारजण आहोत: मी, एक नर्स, एक बेकरीवाला आणि एक टॅक्सीवाला. बाई अठ्ठावीस वर्षांच्या आहेत आणि मला 'काका, लक्ष कुठे आहे?' असं विचारतात.

सगळं कसंबसं जमतं, पण ही दोन-दोन शब्दांची क्रियापदं आली आणि माझी पाचावर धारण बसली. टेक म्हणजे घेणे. ऑफ म्हणजे बंद. मग टेक ऑफ म्हणजे विमान उडणे कसं? आणि त्याच टेक ऑफने मी लिफ्टचं पॅनल काढतो ते कसं? बाई म्हणतात, एकाला कर्म लागतं, एकाला लागत नाही. विमान टुक ऑफ, संपलं. पण आय टुक ऑफ म्हटलं की लोक विचारतात, काय काढलंस?

तू शाळेत इंग्रजी शिकवतेस. दहा वर्षांची होतीस तेव्हा माझ्या मॅट्रिकच्या वहीतल्या चुका काढायचीस, आणि आईला सांगायचीस, 'दादाचं डोकं लोखंडाचं आहे.' ते अजून लोखंडाचंच आहे. सोबत दहा वाक्यांचा कागद जोडला आहे, त्यासोबत परत पाठवायचं पाकीटही आहे, तिकीट लावून. काही लिहू नकोस. फक्त तपास.

दादा

(इंग्रजी शब्द पत्रात आपल्याच लिपीत लिहितो आहे. स्पेलिंगची भानगड कागदापुरती पुरे.)


२६ जून

मुंगे,

कागद आला!

तुझ्या वहिनीने पाकीट हातात दिलं तेव्हा मी जेवत होतो. उष्ट्या हाताने उघडलं आणि बोलणी खाल्ली. आत एक शब्द नाही. 'दादा' नाही, 'कसा आहेस' नाही. पण लाल पेन! दहापैकी चार. मॅट्रिकला याहून कमी मिळाले होते, त्यामुळे मी खूश आहे.

मी लिहिलं होतं, 'आय ग्रू अप माय सन.' तू ते खोडून 'ब्रॉट अप' केलंस आणि बाजूला लिहिलंस: 'ग्रो अप अकर्मक, मूल आपलं आपण वाढतं. ब्रिंग अप सकर्मक, कोणीतरी वाढवतं.' हे मी वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मग ते वाक्य माझ्या नावावर करा. मुलाला मी वाढवलं. तुम्ही तर अजून वाढताय.' घरात हल्ली असं व्याकरण चालतं.

बाईंनी शुक्रवारी फार सोपं करून सांगितलं. म्हणाल्या, आपल्याकडे काच फुटते आणि काच फोडतात. फांदी तुटते आणि फांदी तोडतात. एक आपोआप, एक कोणीतरी केलेलं. इंग्रजीतही तसंच, फक्त शेपटाला अप, डाऊन, ऑफ लागतात. टॅक्सीवाला म्हणाला, 'बाई, आमच्या धंद्यात गाडी फक्त ठोकली जाते. ठोकणारा अजून जन्माला यायचा आहे.' सगळे हसले. मला मात्र आपला दुधाचा कप आठवला, निळ्या काठाचा. मी आईला म्हणालो होतो, 'आई, कप फुटला.' आई म्हणाली, 'हो का? एकटाच फुटला?' तू चार वर्षांची. स्टुलावरून उतरून आलीस आणि म्हणालीस, 'मी फोडला.' तू त्या खोलीत नव्हतीससुद्धा. आणि मी गप्प बसलो. आईने तुला काही केलं नाही, तिला सगळं कळलं होतं. पण मी गप्प बसलो हे खरं.

असो. कुठे वाहवलो.

आता नवी यादी आहे. फॉल थ्रू म्हणजे फिसकटणे. याला कर्म लागत नाही, आणि कोणी केलं हेही सांगावं लागत नाही. बाई म्हणाल्या, स्वतःच्या घरातलं खरं उदाहरण द्या, म्हणजे लक्षात राहतं. मी कागदावर सातव्या क्रमांकाला लिहिलं आहे, 'माय सिस्टर्स मॅरेज फेल थ्रू.' दुसरं काही सुचलं नाही. राग मानू नकोस. एकोणीस वर्षं झाली त्याला.

दादा


१८ जुलै

मुंगे,

कागद मिळाला. नऊ वाक्यांवर खुणा आहेत. सात बरोबर, दोन चूक. सातव्या वाक्याला तू हातही लावलेला नाहीस. बरोबर नाही, चूक नाही. खाली बेरीज लिहिली आहेस ती 'नऊपैकी सात'. दहापैकी नाही.

बाईंना विचारलं, की वाक्य चुकलंय का? त्या म्हणाल्या, 'काका, व्याकरण एकदम बरोबर आहे.' मग तू का सोडलंस?

मी हे मुद्दाम लिहिलं नव्हतं. घरात दुसरं काय फिसकटलं आहे सांग? माझी बढती फिसकटली, पण ती कशी सांगायची, ती अजून फिसकटतेच आहे.

लोकांचं काय, लोक विचारतात. परवा वहिनीच्या मावशीने विचारलं, 'तुमची बहीण येत नाही का हो कधी?' मी म्हणालो, ती फार लांब असते, शाळेला सुट्ट्या नसतात. शाळेला सुट्ट्या नसतात! मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून चहा टाकायला गेलो. तू का बोलत नाहीस हे मला माहीत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. इतक्या वेळा सांगितलं आहे की मलाही ते खरं वाटायला लागलं आहे.

आईची खोली आता रिकामीच आहे. पलंग काढला. तिथे मी क्लासचा अभ्यास करतो, कारण तिथे टीव्हीचा आवाज येत नाही. भिंतीवर तू औषधांच्या वेळा पेन्सिलने लिहिल्या होत्यास त्या अजून दिसतात. रंग काढताना मी रंगाऱ्याला म्हणालो, तेवढा चौकोन सोड. तो म्हणाला, घाण दिसेल. दिसू दे म्हटलं.

या आठवड्यात लुक आफ्टर झालं. सांभाळणे. याला कर्म लागतंच, कोणाला सांभाळलं ते सांगावंच लागतं. मी वाक्य केलं, 'माय सिस्टर लुक्ड आफ्टर अवर मदर फॉर सेव्हन इयर्स.' कर्ता तू, कर्म आई. बाईंनी 'व्हेरी गुड' म्हटलं. घरी येताना लक्षात आलं, की त्या वाक्यात मी कुठेच नाही.

कॉल ऑफही झालं. ठरलेलं रद्द करणे, मोडणे. कागदावर चौथ्या क्रमांकाला त्याचं वाक्य आहे. हेही तपास. यावेळी सगळी तपास, कंजूषपणा करू नकोस.

दादा


९ ऑगस्ट

मुंगे,

हे व्याकरण आहे की उलटतपासणी?

मी लिहिलं होतं, 'माय सिस्टर्स मॅरेज कॉल्ड ऑफ.' तू 'कॉल्ड ऑफ'भोवती लाल गोल काढलास आणि बाजूला एकच शब्द लिहिलास. 'कोणी?' आणि प्रश्नचिन्ह एवढं मोठं, की पेन कागदातून आरपार गेलं आहे.

मला माहीत आहे, कॉल ऑफ सकर्मक आहे. लग्न स्वतःहून कॉल ऑफ होत नाही. कोणीतरी करावं लागतं. बाईंनी तेच सांगितलं. मराठीत आपण 'लग्न मोडलं' म्हणतो आणि भागतं. फांदीचं तसं नाही, तिथे तुटली की तोडली ते निदान वेगळं ऐकू येतं. 'मोडलं' मात्र दोन्हीकडे एकच. आपोआप मोडलं तरी मोडलं, कोणी मोडलं तरी मोडलं. पुढचा 'कोणी' गाळला तरी वाक्य ताठ उभं राहतं. इंग्रजीत राहत नाही, पडतं. माझी चूक एवढीच, की मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिलं. तेवढंच दुरुस्त करायचंस ना! 'वॉज कॉल्ड ऑफ' लिहून मोकळी व्हायचीस. तीही बरोबर पद्धत आहे, बाईंनी सांगितली आहे. त्यात कोणाचं नाव घ्यावं लागत नाही.

आणि 'कोणी' म्हणजे काय? तुला माहीत नाही का? नकाशेवाल्याच्या घरच्यांनी. मी त्याच दिवशी तुला सांगितलं होतं, त्यांच्याकडून बोलणी फिसकटली, कारण सांगितलं नाही. तो सरकारी कचेरीत नकाशे काढायचा, त्याची लांबच्या गावी बदली झाली होती, तुम्ही दोघं जाणार होतात. नसेल त्यांच्या मनात. लोकांचा काय भरवसा. एकोणीस वर्षांनी मला आरोपीच्या पिंजऱ्यात कशाला उभं करतेस?

हे पत्र मी कालच लिहून ठेवलं होतं. आज टाकणार होतो. आज कामावर एक झालं, म्हणून पुढे लिहितो.

एका कचेरीची लिफ्ट दुरुस्त करत होतो. दाराचं लॉक तपासताना आम्ही तिथे वायरचा एक तुकडा जोडतो, म्हणजे दार उघडं असलं तरी लिफ्ट चालवून बघता येते. काम संपलं की तो तुकडा काढायचाच. पहिल्या दिवशी शिकवतात. मी काढला नाही. विसरलो. दुपारी तिथल्या एक बाई फाइल घेऊन आत पाऊल टाकत होत्या, आणि दार उघडं असताना लिफ्ट वर निघाली. त्या मागे उडी मारून पडल्या. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. फाइलचे कागद मात्र खाली खड्ड्यात.

रिपोर्ट लिहायला बसलो. बोटांनी आपोआप लिहिलं, 'वायर रिमेन्ड.' वायर राहिली. कोणी ठेवली? कोणी नाही. राहिली बिचारी. साहेब वाचत होता. वाईट माणूस नाही, वय माझ्या मुलाएवढं. म्हणाला, 'काका, वायर स्वतः राहते का?' अगदी आईसारखं. मी खोडलं आणि लिहिलं, 'आय डिड नॉट टेक आउट द वायर.'

काही झालं नाही, मुंगे. छत कोसळलं नाही. समज मिळाली, लेखी. बढतीच्या यादीतून एक वर्ष नाव गेलं. त्या बाईंकडे जाऊन मी म्हणालो, 'माझी चूक.' त्या म्हणाल्या, 'मला वाटलं तुम्ही लिफ्टवरच ढकलाल.' खड्ड्यात उतरून त्यांचे कागद एकेक गोळा केले, पुसले, नंबर लावून दिले.

वरचं काल लिहिलेलं फाडत नाही. फाडलं तर ते पत्र 'फाटलं' असं म्हणायची सवय आहे मला.

दादा


३० ऑगस्ट

मुंगे,

या वेळी तुझ्याकडून नुसतं रिकामं पाकीट आलं. कागदसुद्धा नाही. नकाशेवाल्याच्या घरच्यांबद्दल मी जे लिहिलं, त्याचं उत्तर ते पाकीट, असं मी समजतो.

सोबत एक कागद आहे. त्यावर एकच वाक्य आहे. तपास.

दादा


२१ सप्टेंबर

मुंगे,

मी लिहिलं होतं, 'आय कॉल्ड ऑफ इट.'

तुझा कागद काल आला. तू 'इट' उचललंस, लाल बाण काढलास आणि मधे ठेवलंस. 'आय कॉल्ड इट ऑफ.' बाजूला बारीक अक्षरात: 'सर्वनाम नेहमी मधे.' एवढं वाक्य लिहायला मला तीन रात्री लागल्या आणि तू सर्वनामाची जागा दुरुस्त केलीस! मी आधी रागावलो, मग हसलो, मग आईच्या खोलीत जाऊन दार लावून बसलो. तुझी वहिनी बाहेरून म्हणाली, 'काय हो, नापास झालात का?'

आणि त्याखाली तू लिहिलंस: 'मराठीत भाषांतर करा. पूर्ण वाक्य लिहा.'

मला वाटलं होतं इंग्रजीत सुटेन. इंग्रजीत म्हटलं की आपण नाही, कोणीतरी दुसराच बोलतोय असं वाटतं. तू ओळखलंस.

पूर्ण वाक्य लिहितो.

तुझं लग्न मी मोडलं.

त्यांनी नाही. त्याच्या घरच्यांनी नाही. तो तर शेवटपर्यंत तयार होता. हॉल ठरला होता, पत्रिकेचा मजकूर तूच लिहिला होतास, छापायला मी नेणार होतो. त्या शनिवारी मी छापखान्यात गेलो नाही. त्याच्या घरी गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हणालो, 'तिचं मन नाही. तुम्हाला तोंडावर सांगवत नाही, म्हणून मी आलो.' त्याची आई म्हणाली, 'एकदा तिच्याशी बोलू द्या.' मी म्हणालो, 'नको, तिला त्रास होईल.' त्याच्या हातात तुमच्या नव्या घराचा नकाशा होता, त्यानेच काढलेला. मला दाखवायला आणला होता. त्याने तो गुंडाळला आणि त्याला रबर लावला.

मग घरी येऊन मी तुला सांगितलं, त्यांच्याकडून फिसकटलं. तू भांडी घासत होतीस. नळ बंद केलास आणि विचारलंस, 'माझं काही चुकलं का?' मी म्हणालो, 'असतात लोक असे.' तू नळ परत चालू केलास. वर्षभर तू स्वतःचंच काही चुकलं म्हणून शोधत होतीस, आरशात, बोलण्यात, कपड्यांत. मी बघत होतो. एक शब्द बोललो असतो तर ते थांबलं असतं. मी बोललो नाही.

त्याचे नंतर दोन फोन आले. दोन्ही मी उचलले. पहिल्यांदा म्हणालो, ती घरी नाही. दुसऱ्यांदा म्हणालो, पुन्हा करू नका. तू दोन्ही वेळा मागे नळावर आईच्या चादरी धूत होतीस.

का, तेही लिहितो. आईला लकवा होऊन चार महिने झाले होते. तू लांब गेली असतीस तर आईचं सगळं माझ्यावर आलं असतं. तिचं अंग पुसणं, भरवणं, चादरी बदलणं. तुझ्या वहिनीची नोकरी होती, मूल लहान होतं, हे सगळं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं आहे ते. पण खरं कारण ते नाही. मला जमलं नसतं असंही नाही. मला करायचं नव्हतं. एवढंच आहे. तू होतीस, तू करत होतीस, कुरकुर करत नव्हतीस. चाललं होतं ते मला चालू ठेवायचं होतं. तुझी सात वर्षं मी घेतली. वर लोकांना सांगत राहिलो की बहिणीने आईसाठी लग्न केलं नाही, केवढा त्याग! त्यागसुद्धा तुझ्या नावावर मीच लिहिला. करून सवरून नामानिराळा.

त्याचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही. कळलं असतं. घाबरलो.

आई गेली आणि तिसऱ्या महिन्यात तूही एक बॅग घेऊन गेलीस. जाताना माझ्याशी बोलली नाहीस. मी सगळ्यांना सांगितलं, तिला आईचा धक्का बसला आहे. चोराच्या मनात चांदणं, मला तेव्हाच शंका आली होती की तुला काहीतरी कळलं आहे. पण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

मी माफी मागत नाही. मागावीशी वाटते, फार वाटते, रोज वाटते. पण माफी मागितली की पुढे तुला काहीतरी करावं लागेल, दे किंवा नाही म्हण. तुझ्यावर आणखी एक काम नको. मला तुझा आवाज ऐकायचा आहे, शिव्या दिल्यास तरी चालेल. हे एवढं मागणं मात्र आहे, ते लपवत नाही.

तुझ्या वहिनीला काल सगळं सांगितलं. तिला मी तेव्हा जे सांगितलं होतं तेच तीही धरून चालली होती. तिने माझ्यापुढचं कोरं पाकीट सरळ केलं. मग म्हणाली, 'पाकिटावरचा पत्ता आता तुमच्या अक्षरात लिहा.' लिहिला आहे.

दादा


१२ ऑक्टोबर

मुंगे,

माझं पत्रच परत आलं. चारही पानं. आधी वाटलं, वाचलं नाहीस. मग उलगडली.

शुद्धलेखनाच्या सहा चुका काढल्या आहेस. 'तुझं लग्न मी मोडलं' याच्याखाली लाल रेघ मारली आहेस आणि बाजूला बरोबरची खूण केली आहेस. फक्त त्या एका वाक्याला.

जिथे मी फोनचं लिहिलं आहे तिथे समासात तुझं अक्षर आहे: 'आई जागी होती. तिची जीभ गेली होती, कान गेले नव्हते. शेवटच्या आठवड्यात तिने मला सांगितलं. अर्धा दिवस लागला तिला.'

म्हणजे बारा वर्षं तुला माहीत होतं. आणि तरी तू 'कोणी?' विचारलंस. मी वेडा. शिक्षक प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना उत्तर माहीत नसतं असं थोडंच असतं! आणि आई. निळ्या कपाच्या वेळीही तिला माहीत होतं आणि याही वेळी. सात वर्षं मी तिच्या खोलीत येऊन 'काय म्हणतेस आई, बरी आहेस ना?' विचारायचो, आणि ती माझ्याकडे नुसती बघायची. मला वाटायचं, तिला समजत नाही.

शेवटच्या पानावर तू इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली आहेस, एकाखाली एक, फळ्यावर लिहिल्यासारखी.

'यू कॉल्ड इट ऑफ.'

'आय हॅव नॉट गॉट ओव्हर इट.'

आणि खाली टीप: 'पहिल्यात इट मधे. दुसऱ्यात इट शेवटी. गेट ओव्हर तोडता येत नाही.'

बाईंना विचारायला गेलो नाही. मला समजलं. मी मोडलं, आणि ते तुझ्यातून अजून गेलेलं नाही. तोडून, जागा बदलून, वाक्य हलकं करता येणार नाही. मी तसं करणारही नाही.

सगळ्यात खाली, पेन्सिलने, जवळजवळ दिसत नाही असं: 'रविवार. सकाळी अकरा. पिक अप.'

पिक अप, म्हणजे उचलणे, आम्हाला मागच्याच आठवड्यात झालं. ते दोन्ही चालतं. कर्म असलं तरी चालतं, नसलं तरी चालतं. तू नुसतंच लिहिलं आहेस, पण मी यावेळी काही गाळणार नाही.

रविवारी माझी ड्युटी होती, ती बदलून घेतली. वहिनी सकाळी तिच्या बहिणीकडे जाणार आहे, मुद्दामच. फोन आईच्या खोलीत आणून ठेवला आहे, पेन्सिलच्या त्या चौकोनाखाली. तो अकराला वाजेल. दोनदा तो तुझ्यासाठी वाजला होता आणि मी उचलला होता. या वेळी तो माझ्यासाठी वाजेल.

मी फोन उचलीन.

दादा